पाठ नसलेले नाणे

वेटिएना झिया, मानियस वेटिएनसची मुक्त केलेली दासी आणि तेवीस वर्षे त्याची विवाहित पत्नी, हे लिखाण प्रथम तुला. मृत्युपत्र जिवंतांना उद्देशून लिहावयाचे असते आणि मृताच्या नावे लिहिलेले कलम रद्द ठरते, हे मला ठाऊक आहे. वारसाचे नाव त्याच्या जागी येईलच. परंतु तुला दिलेला एक शब्द मी मोडला. तुझ्या तोंडात जे नाणे ठेवावयाचे ठरले होते, ते मी ठेवले नाही. त्या चुकीची भरपाई मरण्यापूर्वी कशी करावी, हाच या मेणपाट्यांचा खरा विषय आहे, आणि तुझ्याशी बोलल्यावाचून मला त्यांवर पहिली ओळ कोरता येईना.

आता कायद्याच्या शब्दांत. मी मानियस वेटिएनस लुपस, रोमचा नागरिक, वय वर्षे सत्तावन्न, राहणार सीलियन टेकडीचा पूर्वेकडील उतार, सरकारी टांकसाळीत एकोणतीस वर्षे नाणेपरीक्षक, असे लिहून ठेवतो की माझी स्मृती आणि बुद्धी शाबूत आहे आणि हे मी कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही. वैद्याच्या मते माझे हृदय फार काळ चालणार नाही. शेजाऱ्यांच्या मते माझे डोके पूर्वीसारखे चालत नाही. दोघांपैकी वैद्य जाणता आहे. मजकूर वकिलाकडून लिहून घेतलेला नाही. वडिलांनी मला वकील करण्यासाठी आठ वर्षे वक्तृत्वशाळेत घातले होते. त्या खर्चाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

कलम पहिले. माझ्या दिवंगत बहिणीचा मुलगा टायटस अल्बियस नेपॉस हा माझा वारस असो. टेकडीवरील घर, अंगणातील अंजिराच्या झाडासह, त्याचे. माझ्या मृत्यूची वार्ता कळल्यापासून शंभर दिवसांच्या आत त्याने दोन साक्षीदारांसमोर वारसा स्वीकारल्याचे जाहीर करावे. न केल्यास घर विकून रक्कम अंत्यविधी मंडळास द्यावी. उंबऱ्याचा दगड मधोमध खचला आहे. तो त्याने बदलू नये.

या कलमाला परवापर्यंत आणखी एक अट होती. ती मी मेणावरून पुसली. तिची हकीकत शेवटी येईल.

कलम दुसरे. माझी दासी केलिडोन हिला मी या पत्राने मुक्त करतो. स्वयंपाकघरातील सर्व भांडी, मागची खोली हयातभर, आणि झियाची लोकरीची दोन पांघरुणे तिची. ती एकोणीस वर्षे डाळीत मीठ जास्त घालत आली आहे. हा दोष मी तिला अनेकदा सांगितला, आणि प्रत्येक वेळी तिचे उत्तर एकच होते, की मालकांची जीभ नाणी तपासून तपासून बोथट झाली आहे. मुक्त झाल्यावर तिने तिला हवे तितके मीठ घालावे.

कलम तिसरे. माझा हाततराजू, वजने आणि कसोटीचा दगड टांकसाळीतील माझ्या जागी आलेल्या इसमास द्यावेत. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तो नाण्याचा नाद न ऐकता केवळ तोलतो आणि पुढे ढकलतो. नाणे संगमरवरावर टाकावे, डोळे मिटावे, ऐकावे. खऱ्या चांदीचा नाद मधमाशी लांब जाताना येतो तसा बारीक होत जातो. तो अडखळला, तर आत तांबे आहे. हे त्याला अल्बियसने वाचून दाखवावे.

कलम चौथे, टायटस फ्लावियस हर्मियास याच्याविषयी. हा सम्राटाच्या घराण्याने मुक्त केलेला ग्रीक, टांकसाळीचा ठसे कोरणारा, माझा बावीस वर्षांचा मित्र आणि त्यातील पंधरा वर्षांचा शत्रू. त्याला काय ठेवावे, हे सांगण्यापूर्वी त्याने काय केले, ते लिहिले पाहिजे.

आमच्या लग्नाला तीन वर्षे झाली होती. डेशियाची लढाई दुसऱ्यांदा जिंकून झाली होती, आणि नव्या चांदीच्या नाण्याचा हुकूम आला होता. एका बाजूला सम्राटाचे मस्तक. दुसऱ्या बाजूला पंखांची विजयदेवता खांबावर शत्रूचे चिलखत टांगते आहे, आणि खांबाच्या पायाशी हरलेल्या देशाची स्त्री बसली आहे. हर्मियास त्या दिवसांत आमच्याकडे जेवायला येत असे. झिया त्याला कोबी वाढून उंबऱ्यावर जाऊन बसत असे, उन्हात. डावा कोपर गुडघ्यावर, हनुवटी तळहातावर, एक अनवाणी पाऊल दुसऱ्यावर, आणि डोक्याचा रुमाल तिच्या माहेरच्या पद्धतीने कानामागे गाठ मारलेला. ती काय पाहते, असे मी तिला विचारले नाही. हर्मियास जेवताना आपल्या छोट्या मेणपाटीवर काहीतरी ओरखडत बसे. ते मी ग्रीकांचा चाळा समजलो.

ठसा तपासणीला आला, तेव्हा मी तो ओल्या मातीवर दाबून पाहिला. मातीवर झिया बसली होती, गव्हाचा दाणा मावेल एवढ्या जागेत. रुमालाची गाठसुद्धा.

मी हर्मियासला खुलासा विचारला. तो हसला नाही, लाजलाही नाही.

“विजयाला नमुना लागत नाही, परीक्षकसाहेब,” तो म्हणाला. “पंख काढले की झालं, ते मी झोपेतही काढतो. हरलेलं माणूस मात्र समोर बसलेलं लागतं. तुमच्याकडे ते रोज बसलेलं असतं, आणि तुम्हाला दिसत नाही.”

मी ठसा पुन्हा तपासला. अक्षरे सरळ होती. कडा स्वच्छ होती. पंखांचे प्रमाण योग्य होते. नियमाप्रमाणे ठसा फेटाळण्यास दोष लागतो, आणि त्यात दोष नव्हता. मी त्यावर संमतीची खूण केली. हर्मियासने कोरले; पण चलनात मी जाऊ दिले. त्याच्यावर धरलेला पंधरा वर्षांचा राग खरे पाहता त्याच्या पत्त्यावर नव्हता, हे मला या वर्षी उमगले. सबब हर्मियास यास माझा हस्तिदंती मुठीचा चाकू आणि दहा घागरी जुने मद्य. त्याला आता डोळ्यांनी अंधुक दिसते. चाकू त्याच्या हातात मुठीकडून द्यावा.

कलम पाचवे. भाजीबाजारातील कोबीवाला डामास यास काही नाही, परंतु क्षमा. त्यानेच झियाच्या हातून ते नाणे पहिल्यांदा घेतले, उलटसुलट केले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, की अहो बाई, ही तर तुम्हीच की, सम्राटांच्या पाठीमागे बसलात आणि आम्हाला सांगितलंही नाहीत. लोक हसले. तो वाईट माणूस नाही. त्या दिवशी त्याने कोबीचे पैसे घेतले नाहीत, हेही नोंदवतो.

झिया घरी आली. टोपली खाली ठेवली आणि नाणे माझ्यासमोर मेजावर ठेवले, विजयाची बाजू वर करून.

“हे तुमच्या हाताखालून गेलं?”

“गेलं.”

“तुम्हाला ओळखू आलं नाही?”

“आलं.”

“मग?”

“काम निर्दोष होतं,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, हिशेब पटल्यावर हलवतात तशी, आणि कोबी चिरायला घेतला. पुढे त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. परंतु त्या दिवसापासून तिने चांदीला हात लावला नाही. मीठ असो, तेल असो, लोकर असो, ती तांब्यापितळेच्या नाण्यांची जड थैली खांद्याला अडकवून जात असे. आळीतल्या बायका तिला तांबेवाली म्हणू लागल्या. चांदी देणाऱ्याला ती सांगत असे, की मेजावर ठेवा, आमचे हे उचलतील. ते ठसे पाच वर्षे चालले. त्या ठशांची नाणी आजही चालतात. माझ्या हातून अशा किती झिया गेल्या, याची मोजदाद मी केली नाही.

पुढचा तपशील मी कोणत्याही दस्तऐवजात लिहिला नसता, पण खरे लिहावयाचे तर सगळे लिहावे. झियाला मी बाजारात विकत घेतले होते, डेशियाच्या पहिल्या लढाईनंतर. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. किंमत चांदीत दिली होती, आणि त्या नाण्यांवरही विजयदेवता होती. दोन वर्षांनी मी तिला मुक्त केले आणि कायदेशीर लग्न केले. मी आयुष्यात केलेले सर्वांत नीट काम म्हणून मी ते सांगत असे. तिला त्याविषयी काय वाटते, ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

कलम सहावे. सराफाकडील ठेवीतून दरवर्षी व्हायोलेटच्या दिवशी आणि गुलाबांच्या दिवशी आमच्या समाधीवर फुले घालावीत आणि आळीतल्या बायकांना गोड भाकरी वाटावी. झियाच्या नावाने जे जे खर्च होईल, ते तांब्यात द्यावे. चांदीत दिल्यास तो या कलमाचा भंग समजावा.

कलम सातवे, एका सदोष नाण्याविषयी. ही माझ्या नोकरीतील एकमेव चोरीची कबुली आहे. ती या पत्रातून वगळू नये.

नाणे पाडताना कधीकधी घाई होते. तयार झालेले नाणे वरच्या ठशाला चिकटून राहते, घणवाल्याच्या लक्षात येत नाही, आणि तो पुढची चकती ठेवून घण मारतो. मग त्या दुसऱ्या नाण्याला पाठ उमटतच नाही. एका बाजूला सम्राटाचे मस्तक वर आलेले, आणि दुसऱ्या बाजूला तेच मस्तक उलटे, आत खचलेले, ओल्या मातीत कोणी तोंड दाबून उठून गेल्यासारखे. आमचे घणवाले त्याला आंधळे म्हणत. असे नाणे पुन्हा मुशीत टाकावे, असा नियम आहे. मी शेकडो टाकली.

दहा वर्षांपूर्वी एक मी कमरपट्ट्यात ठेवले. झियाला दाखवून सकाळी परत आणावे, एवढाच हेतू होता. बारा वर्षांत चांदीला न शिवलेल्या तिने ते माझ्या हातातून घेतले. आधी डोके पाहिले. मग उलटे केले, पोकळीत अंगठा फिरवला.

“याच्या मागं कोणी बसलेलं नाही,” ती म्हणाली.

मी नियम सांगितला. ती म्हणाली, “नेऊ नका. मी गेले की हे माझ्या तोंडात ठेवा. दुसरं कुठलं नको.”

मृतांना नदीपार नेणारा नावाडी सदोष नाणे घेणार नाही, असे मी बोललो. “नावाड्याचं माझं मी बघेन,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त हो म्हणा.” मी हो म्हणालो. नाणे तिच्या सुयांच्या डबीत राहिले.

सोळा महिन्यांपूर्वीच्या शरदात ती तापाने गेली, नवव्या दिवशी. अंत्यविधीची माणसे दाराशी उभी होती. माझ्या एका हातात ते आंधळे नाणे होते आणि दुसऱ्या हातात, माझ्या थैलीतले पहिले हाताला लागलेले, ठसठशीत, पूर्ण वजनाचे. मी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि मला नावाडी दिसला. त्याने नाणे उलटे केले, मान हलवली, परत दिले. एकोणतीस वर्षे मी सदोष नाणे एकाही माणसाच्या हाती जाऊ दिले नव्हते. माझ्या बायकोला मी सदोष नाणे देऊन त्या काठावर पाठवावे, आणि तिला माघारी फिरावे लागावे, हे माझ्याने होईना. मी चांगले नाणे ठेवले. ते विजयाचे आहे, हे मी पाहिले होते. दोष नव्हता, एवढेच मी पाहिले असे मी पुढे स्वतःला सांगत राहिलो.

चिता विझल्यावर अस्थी वेचताना ते नाणे मिळाले. आगीत त्याचा वरचा भाग वितळला होता. देवता नव्हती, पंख नव्हते, खांबावरचे चिलखत नव्हते. खाली बसलेली स्त्री तेवढी शिल्लक होती, गाठीसकट. हर्मियासने तिला खोल कोरले होते. मी ते अस्थींबरोबर कलशात ठेवले, कारण चितेतले चितेत राहावे असा रिवाज आहे.

मृत्यूनंतरच्या नवव्या दिवसाच्या भोजनानंतर मी दार उघडले, तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती. कोपर गुडघ्यावर. ऊन होते, सावलीचा भास म्हणावा अशी वेळ नव्हती. मी थांबलो, आणि उंबरा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर मी बाहेर जाताना उजवीकडून, भिंतीला अंग घासून जाऊ लागलो.

“मालक, रोज वाट सोडून चालता,” केलिडोन एकदा म्हणाली. “कोण बसलंय तिथं?”

काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले, की पाण्याची घागर घेऊन येताना केलिडोनही उजवीकडून येते. मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. सोळा महिने या घरातील दोन माणसे एका रिकाम्या दगडाला वळसा घालून राहत आली. मी टांकसाळ सोडली, कारण संगमरवरावर टाकलेल्या प्रत्येक नाण्याचा नाद मला एका जागी येऊन थांबल्यासारखा वाटे. ती पार गेलेली नाही, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. जे नाणे तिने हयातीत हाती धरले नाही, ते तिने नावाड्याला दिले नसणार. मी ओळखतो तिला. इतके तरी ओळखतो.

कलम आठवे आणि शेवटचे. पहिल्या कलमातील पुसलेली अट अशी होती: माझ्या मृत्यूनंतर अल्बियसने ते आंधळे नाणे माझ्या तोंडात ठेवावे, म्हणजे मी ते तिच्यापर्यंत पोहोचवीन, न ठेवल्यास त्याला वारसा नाही. परवा मी त्याला बोलावून हे सांगितले. मृत्युपत्र अंत्यविधीनंतर उघडते, म्हणून हे आधी सांगणे भाग होते. अल्बियस सालस मुलगा आहे. त्याने नाणे हातात घेतले, उलटे केले, आणि त्याचा चेहरा पडला.

“मामा, रागावू नका,” तो म्हणाला. “पण हे चालणार नाही. तुमच्यासारख्या माणसाला मी असलं नाणं देऊन कसा पाठवू? मी चांगलं ठेवीन. माझ्याकडचं सगळ्यात चांगलं.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. अगदी याच प्रेमाने मी ते केले होते. सक्ती केली असती, तर त्याने हो म्हटले असते, आणि त्या दिवशी, दाराशी माणसे उभी असताना, त्याचा हात चांगल्या नाण्याकडे गेला असता. जे काम स्वतःच्या हाताने चुकले, ते दुसऱ्याच्या हाताने दुरुस्त करून मागणे हाही एक प्रकारे संमतीची खूण करून मोकळे होणेच होय.

मी मेण तापवून अट पुसली.

काल मृतांच्या दिवसांचा शेवटचा दिवस होता. मी रखवालदाराकडून किल्ल्या घेऊन लॅटिन रस्त्यावरील समाधीगृहात एकटा गेलो. झियाचा कलश ओट्यात बसवलेला आहे, आणि त्याच्या झाकणातून मातीची नळी वर आली आहे. तिच्यातून आपण आपल्या माणसांना दूध आणि मद्य पाजतो. कलश उघडणे गुन्हा आहे. नळीतून काय ओतावे, याविषयी कायदा काही सांगत नाही. मी प्रथम दूध ओतले. नंतर नाणे धरले, खचलेली बाजू अंगठ्याखाली, आणि सोडले.

ते घसरत गेले. कडेला दोनदा लागले. मग चांदीवर चांदी पडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटून ऐकले, सवयीप्रमाणे. नाद खरा होता. तो बारीक होत गेला आणि कुठेही अडखळला नाही.

आता तिच्यापाशी दोन नाणी आहेत. एक तिने मागितलेले, एक मी लादलेले. सबब माझ्या देहाविषयी अखेरची सूचना: माझ्या तोंडात कोणतेही नाणे ठेवू नये. अल्बियसने गुपचूप ठेवू नये, केलिडोनने दयेने ठेवू नये; हे पत्र नंतर उघडेल, म्हणून दोघांनाही मी हे तोंडी सांगितले आहे. मी रिकाम्या तोंडाने काठावर जाईन. झिया पुढे गेली असेल, तर तिच्याकडे एक नाणे उरले असेल. ते तिने नावाड्याजवळ माझ्यासाठी ठेवावे, की नदीत फेकून द्यावे, हे तिचे तिने ठरवावे. हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारतो आहे.

माझ्या अस्थी तिच्या शेजारच्या कलशात ठेवाव्यात, तिच्या कलशात नव्हे.

आज सकाळी केलिडोन घागर घेऊन आली. ती सरळ आली, दगडाच्या मधोमध पाय ठेवून. चुलीपाशी जाईपर्यंत तिच्या ते लक्षात आले नव्हते. मग तिने मागे वळून उंबऱ्याकडे पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. घागर ओली होती, आणि दगडावर तिच्या पावलांचे ठसे उमटले होते. ते वाळेपर्यंत आम्ही दोघे त्यांच्याकडे पाहत राहिलो.

येणेप्रमाणे लिहून पूर्ण केले. जिवंत नातलगांनी एकत्र जेवून जुने राग सोडून देण्याच्या या दिवशी, खालील सात नागरिकांनी माझ्या घरी, मेजाभोवती, माझ्या समक्ष व परस्परांच्या समक्ष या पाट्यांना दोरा बांधून आपापल्या मुद्रा उमटवल्या: मृत्युपत्राच्या विधीत तराजू धरणारा लुसियस ओपियस कार्बो, मालमत्तेचा औपचारिक खरेदीदार गायस सेस्टियस फुस्कस, डेसिमस नुमियस टूस्कस, पब्लियस रूफ्रियस व्हेरस, मार्कस हेडियस लोलियानस, ऑलस ट्रेबियस सबाटियस, आणि टायटस फ्लावियस हर्मियास, ज्याने मुद्रा उमटवण्यापूर्वी मेणावरून बोट फिरवून, कडा स्वच्छ आहे, एवढे सांगितले.

मानियस वेटिएनस लुपस याची सही व मुद्रा. रोम, सीलियन टेकडी, नगरस्थापनेचे आठशे ब्याऐंशीवे वर्ष, फेब्रुवारीचा बाविसावा दिवस.

वारसाच्या माहितीसाठी नोंद: काल समाधीगृहातून निघताना रखवालदार जेनियालिस याने, आत काही विसरले तर नाही ना, असे विचारले. नाही, असे मी सांगितले. दार मी स्वतः ओढून घेतले, कुलूप लावले, दोनदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या त्याच्या हाती परत दिल्या.